आधी वहिनीला नकार

आरशासमोर:
शिंपीणबाई रोज दुकान उघडलं की सराव करायची. "नाही, मला जमणार नाही." मान ताठ, आवाज शांत, कारण सांगायचं नाही. 'नाही म्हणायला शिका' शिबिरातल्या बाईंनी तसंच शिकवलं होतं. सगळ्यांचं करता करता ती मेटाकुटीला आली होती.

फोनवर:
"वन्सं, आज जरा येता का? काम काही नाही. नुसतं शेजारी बसा."
"नाही वहिनी, मला जमणार नाही."
अगदी आरशातल्यासारखं जमलं.
"शिकलात बाई एकदाच्या!" वहिनी हसली. हसणं मध्येच तुटलं आणि फोन बंद झाला.
दादा गेल्यापासून वहिनीने एकदाही काही मागितलं नव्हतं. हे शिंपीणबाईच्या आत्ता लक्षात आलं.

पुन्हा दुकानात:
नेहमीची गिऱ्हाईक बाई कोट टाकून म्हणाली, "आजच हवाय हं. तू कुठली नाही म्हणतेस!"
आता म्हणायचं. आता.
"ठेवा. संध्याकाळी देते."
बाई गेली. तिने सुईत दोरा ओवला, बाही उसवली, दोन टाके घातले. मऊ लागलं तिथेच आपण कोपराने खणलं, हे काही केल्या मनातून जाईना. आरशाकडे बघवेना.

पुन्हा फोनवर:
"वहिनी, येतेय मी."
"आता राहू द्या, वन्सं. रडून झालं माझं."
याच्या उत्तराचा सराव कुणी करून घेतला नव्हता.
"तरी येते," ती म्हणाली, आणि अर्ध्या बाहीत सुई तशीच खोचून दुकानाला कुलूप लावायला उठली.