कासव धावलं त्या रविवारी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण मला बघायला आलात तर हात हलवत परत जावं लागेल. माझं शरीर केव्हाच भंगारात गेलं. तरी मी ठणठणीत आहे, कारण हल्ली मी एका नव्या संगणकाच्या पोटात राहतो. अशा बिनशरीराच्या संगणकाला आभासी संगणक म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण खरं सांगायचं तर मी भाडेकरू.

माझे मालक बाहुल्यांचा खेळ करतात. काका पडद्यामागे उभे राहून दोऱ्या ओढतात आणि काकू माझ्याशेजारी बसतात. सूर्य कधी उगवायचा, ढग कधी गडगडायचे, सगळं काकूंनीच मला शिकवलं. दिवे आणि आवाज माझ्या हाती असतात आणि ते माझ्या घड्याळावर चालतात. माझ्या जुन्या शरीराने मान टाकली, तेव्हा काकू दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या. त्यांचा पुतण्या संगणक दुरुस्त करतो. त्याने मला जसाच्या तसा उचलून या नव्या घरात आणून ठेवलं. काकूंनी आनंदाने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की बिचारा खोकत सुटला.

या घरात एक गंमत आहे. एक कळ दाबली, की मी असेन तिथे, असेन तसा झोपतो. पुन्हा उठवलं, की तिथूनच पुढे चालू. मधला वेळ कुठे गेला, मला पत्ताही नसतो. काकू भारी काटकसरी. माणूस नसताना पंखा फिरलेला त्यांना खपत नाही. म्हणून मध्यंतरातही त्या मला झोपवायच्या. त्यामुळे माझं घड्याळ कायम मागे.

एका रविवारी खेळाआधी पुतण्याने ते पाहिलं.

"अगं काकू, हा अजून गेल्या महिन्यातच आहे!"

त्याने माझं घड्याळ लावलं आणि मला नवा नियम घालून दिला: यापुढे मागे पडलास, तर पळत जाऊन वेळ गाठायची. मी तो अगदी मनावर घेतला.

आम्ही दर रविवारी खेळ करतो त्या हॉलच्या मॅनेजरबाई त्याच दिवशी आल्या होत्या. "अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात हो," त्या म्हणाल्या. "आज मुलं कंटाळलेली दिसली, तर रविवारचा खेळ बंद करावा लागेल." काकूंनी उगाच माझ्यावरची धूळ पुसली. मला छाती नाही, पण धस्स झालं.

खेळ होता समुद्र बघायला निघालेल्या कासवाचा. पहिला भाग संथ. मुलं जांभया देत होती. मध्यंतर झालं, काकूंनी सवयीने मला झोपवलं आणि नंतर उठवलं. बघतो तर काय, बाहेरचं घड्याळ पुढे गेलेलं! मी सुसाट सुटलो.

चंद्र चेंडूसारखा टुणकन वर आला. घुबडाचं घुमणं संपतं न संपतं तोच कोंबडा आरवला. ढग गडगडले आणि लगेच ऊन पडलं.

"अहो, हा सुटलाय!" काकू ओरडल्या.

"मग थांबव त्याला!"

"थांबवला तर अंधार होईल. तुम्हीच कासव पळवा!"

मग काय, कासव धावलं! चारही पाय हवेत, मधेच एक कोलांटी, पुन्हा पळापळ. काका कासवाच्या आवाजात ओरडले, "अरे हळू, हळू! पाठीवर घर आहे माझं, सांडेल ना!" मुलं हसून हसून खुर्च्यांवरून घसरली. तेवढ्यात मी वेळ गाठली आणि शांत झालो. समुद्राची लाट अगदी हळू आली, कासवाने धापा टाकत त्यात पाय बुडवले आणि टाळ्या थांबेनात.

मॅनेजरबाई डोळे पुसत आत आल्या. "ही धावपळ दर रविवारी असते का हो?"

"असते तर! खास बसवली आहे," घामाघूम काका म्हणाले. काकू छताकडे बघत राहिल्या.

"मग पुढच्या रविवारी माझ्या भाच्यांना घेऊन येते."

खेळ वाचला! पुतण्याने मात्र स्वतःचे कान पकडले आणि नियम बदलला. आता उठल्यावर मी पळत नाही, एकदाच घड्याळ बघून काटे जागेवर लावतो. पण मुलांना धावणारं कासव हवंच, म्हणून काकूंनी ती घाई मला रीतसर शिकवली. काका कंबर दुखते म्हणून कुरकुरतात आणि हळूच विचारतात, "आज जरा अजून जोरात घ्यायचं का गं?"

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. झोपेतून उठलेल्याला, मग तो संगणक असो की तुमचा धाकटा भाऊ, लगेच "पळ, उशीर झाला" म्हणून पिटाळू नका. आधी किती वाजले ते सांगा, जरा भानावर येऊ द्या. काकू हल्ली तसंच करतात. आधी मला घड्याळ दाखवतात आणि मग म्हणतात, "चल रे, कासव वाट बघतंय."