घरच्या झाडाचे पेरू

“आमचे पेरू काय उकिरड्यावरून येचून आनलेत, म्हून धुती ही?”

छबूबाईंनी विचारलं मला, पण ऐकवलं समोरच्या पाहुण्यांना. पाहुणे म्हणजे नेवाशाकडचे भिमाजी, त्यांची बायको आणि त्यांची मुलगी मोनिका. मोनिका बांधावर उकिडवी बसून हातातला पेरू धूत होती. गाडीतून आणलेली पाण्याची बाटली तिच्या आईनं वरून तिरकी धरली होती. पेरूवरून निथळलेलं पाणी काळ्या मातीत जिरत होतं आणि तेवढ्या वीतभर जागेकडं सगळे असे बघत होते, जणू तिथून साप निघणार होता.

मार्गशीर्ष संपत आला होता. ऊन होतं, पण त्याला धग नव्हती. देवळालीकडून सुटलेला गार वारा पेरूच्या पानांना घडीभर स्वस्थ बसू देत नव्हता, आणि मलाही.

“आजी, कुठलंही फळ मी धुऊनच खाते,” मोनिका साध्या आवाजात म्हणाली. “आमच्या घरचं असलं तरी.”

“खा की. पर पानी बी संगं आनलंय. आमच्या हिरीत काय मरून पडलंय का?”

“आई, गप ऱ्हा ना जरा,” छबूबाईंचा मुलगा गोरक्ष मध्ये पडला. “पावने हायेत.”

“म्या काय शिव्या दिल्या का? उसातून बिबट्या येतो, शेळी नेतो, त्यो बी धुवून खात न्हाई. म्हून इचारलं, ह्यो रिवाज कुटला.”

भिमाजी हसले. गोरक्ष हसला. मीही हसायचा प्रयत्न केला. सुनील मात्र हसला नाही. तो झाडाच्या बुंध्याशी उभा राहून अंगठ्याच्या नखानं साल खरवडत होता. सुनील हा गोरक्षचा मुलगा, वय एकोणतीस. त्याच्याच लग्नासाठी पाहुणे आज घर आणि वावर बघायला आले होते.

हे स्थळ मी आणलं होतं. खरं तर असल्या कामाचा माणूस मी नव्हे. जन्मभर शाळेत शिकवलं, बायको सरोजिनी गेल्यापासून एकटाच वाचत बसतो. दुसऱ्याच्या दारात आधी दोनदा खोकतो आणि मगच आत पाऊल टाकतो. पण भिमाजी माझे नेवाशाच्या शाळेतले विद्यार्थी, आणि गोरक्षचं वावर माझ्या घराला लागून. शेतात राबणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे आता गावात कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांनाच ते ठाऊक आहे. सुनीलची आठ स्थळं मोडली होती. एका मुलीच्या आईनं तर तोंडावर सांगितलं होतं, शेती पाहिजे, पण मुलगा शेतात जाणारा नको. हे नववं स्थळ. हेही हुकलं तर पोरगं बांधावरच्या बाभळीसारखं एकटं राहील, असं छबूबाई रोज म्हणायच्या.

आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी तिथं सुनीलशिवाय दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हती.

विहिरीजवळचं हे झाड छबूबाईंचं. बागेतल्या बाकी झाडांना फवारणी ठरलेली. तो माल टेम्पोत भरून बाजारात जायचा. या झाडाला मात्र त्यांनी कधी औषध लागू दिलं नाही. त्याचं पहिलं फळ म्हसोबाला, मग घरात आणि आल्यागेल्याला. असं एखादं झाड, एखादा वाफा आमच्याकडं पुष्कळांच्या वावरात असतो. विकायचं वेगळं, खायचं वेगळं. त्यावर कुणी फारसं बोलत नाही. पाहुणा आला की छबूबाई या झाडाचा पेरू तोडायच्या, पदराला पुसायच्या आणि हातात द्यायच्या. तो तिथंच, उभ्या उभ्या, दातानं तोडून खायचा. हा त्या घरचा मान होता. मोनिकानं तो मान घेतला, आणि बाटलीच्या पाण्याखाली धरला.

आदल्या दिवशी सकाळी मी फिरायला निघालो होतो. दवानं गवत ओलं होतं, कारखान्याचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. विहिरीजवळ सुनील दिसला. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. बागेत नव्हे, याच झाडाखाली.

मला बघून त्यानं रुमाल खाली ओढला. “गुरुजी, आजीला सांगू नका. पिठ्या ढेकून लई झालाय. समदी फळं पांढरी, चिकाट. उद्या पावन्यांच्या हातात असली कशी देऊ?”

“अरे, पण उद्याच तर खायची ना?”

“हलकंच मारलंय. रातच्या दवात धुवून जाईल.”

तसं जात नाही, हे मी वाचलेलं होतं. त्याच्या पायाशी ठेवलेल्या डब्यावरही बारीक अक्षरात लिहिलेलं असणार. पण मी फक्त “बरं” म्हणालो आणि पुढं निघालो. जिथं चार शब्द बोलायचे तिथं ‘बरं’ म्हणून मी आजवर पुष्कळ ठिकाणांहून निघून आलो आहे. तो सगळा दिवस मला पुस्तकाचं एक पान उलटवेना. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली.

आता ती फळं झाडावर लखलखत होती. नावालाही पांढरा ठिपका नव्हता.

“एवढी कशापायी भितीस गं पोरी?” छबूबाई सोडायला तयार नव्हत्या.

“आजी, आमचं औषधांचं दुकान आहे. शेतीच्या. मी काउंटरला असते. आज औषध नेलेला माणूस उद्या भाजी घेऊन बाजारात बसलेला दिसतो. तोच मला म्हणतो, ताई घ्या, घरची आहे.”

“म्हंजी इख इकनाऱ्याची लेक. तिला समद्या जगात इखच दिसनार.”

मोनिकाच्या आईनं बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. नवऱ्याकडं वळून ती हळूच म्हणाली, “निघायचं का?” ते मी ऐकलं. गोरक्षनंही ऐकलं. त्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्या माणसासारखा झाला.

छबूबाईंना मात्र आता ऐकू येत नव्हतं. “ह्ये झाड तसलं न्हाई. सुनील रांगत हुता तवा म्या लावलंय. याच्या अंगावर आजवर अवशदाचा थेंब पडू दिला न्हाई. म्हसोबाची आन हाय.”

सालीवर चाललेलं सुनीलचं नख थांबलं.

छबूबाईंनी दोन पेरू तोडले. दोन्ही पदराला पुसले आणि त्यांतला एक माझ्या हातात ठेवला. “घ्या गुरुजी. वीस वरसं खाताय. दावा ह्यांना खाऊन, कोन मरतंय ते.”

दुसरा पेरू त्यांनी स्वतःच्या तोंडाजवळ नेला. त्यांचे पुढचे दात पडलेले आहेत, त्यामुळं त्या पेरू बोटांनी दाबत फिरवतात आणि मऊ बाजू शोधतात. तेवढाच वेळ माझ्या हातात होता.

बोललो तर सुनीलला दिलेला शब्द मोडतो, आणि लग्न तर मोडतंच. गप्प बसलो तर म्हातारी ते खाणार. एका पेरूनं काही होत नसेलही. मला नक्की माहीत नव्हतं. मला नक्की असं कधीच काही माहीत नसतं. मी चार पावलं टाकून मोनिकासमोर गेलो आणि माझा पेरू पुढं केला.

“पोरी, हा पण धुऊन दे.”

रस्त्यानं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणं लावून एक ट्रॅक्टर गेला.

“तुमी बी?” छबूबाई म्हणाल्या.

“छबूबाई, तुम्ही दिलेले पेरू मी घरी नेऊन धुऊनच खातो. सरोजिनी होती तेव्हा ती मिठाच्या पाण्यात घालायची. ती गेल्यावर मी साध्या पाण्यात. तुमच्यासमोर तेवढे तसेच खात आलो.”

“वीस वरसं?”

“वीस वर्षं.”

मी भरल्या ताटावरून उठून गेल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मान फिरवली. “ऱ्हावा मंग धुवत. म्या माझ्या झाडाचं खाते.” आणि त्यांनी मऊ बाजू ओठांना लावली.

म्हणजे माझं एवढं बोलणंही फुकट गेलं. जे बोलायला हवं होतं, ते सोडून मी दुसरंच बोललो होतो. “थांबा,” मी म्हणालो. “छबूबाई, त्या झाडाला...”

पुढचं मला बोलावं लागलं नाही. सुनीलनं दोन ढांगांत येऊन आजीच्या हातातला पेरू काढून घेतला.

“खाऊ नको आजी. काल म्या फवारलंय.”

“काय फवारलंय?” गोरक्षनं विचारलं. “ह्या झाडाला?”

“पिठ्या ढेकून झाल्ता. फळं चांगली दिसावीत म्हून.”

गोरक्षचा हात वर गेला. पाहुणे बघताहेत हे ध्यानात आल्यावर त्यानं तोच हात टोपीकडं नेला. भिमाजी मात्र एकदम दुकानदार झाले. “कोणतं मारलंस? डबा आण.” सुनीलनं मोटरच्या खोलीतून डबा आणला. भिमाजींनी चष्मा लावून तो उन्हाकडं धरला. “आठ दिवस फळ तोडायचं नाही, लिहिलंय. पोरा, ह्याला नुसतं धुऊन भागत नाही. धुतल्यानं धूळ जाते, वरवरचं जातं. आत मुरलेलं कसं जाईल?”

मोनिकानं धुतलेला पेरू बांधावर ठेवून दिला. तिनं सुनीलकडं सरळ बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी तिनं त्याच्याकडं पहिल्यांदाच बघितलं. “डब्यावरचं वाचलं नव्हतं?”

“वाचलं हुतं,” सुनील म्हणाला.

छबूबाई झाडाखाली बसल्या. कुणावर रागावल्या नाहीत. मातीवर हात फिरवत एवढंच म्हणाल्या, “म्या आन घेतली रं म्हसोबाची. खोटी घ्याया लावलीस.”

पाहुण्यांनी चहा घेतला. पोहे तसेच राहिले. गाडीत बसताना भिमाजी मला म्हणाले, “कळवतो, गुरुजी.” या ‘कळवतो’चा अर्थ त्या घराला आठ वेळा कळून चुकला होता.

पुढचे दिवस मी विहिरीकडच्या वाटेनं गेलो नाही. ओढ्याच्या अंगानं फिरून यायचो. आपण आदल्या दिवशीच बोललो असतो तर, हे मनात धरून निघायचो आणि तेच घेऊन परत यायचो. छबूबाईंकडून पेरू येणं बंद झालं. त्यांचा आवाज मात्र रोज सकाळी कानावर पडायचा. झाडावर पोपट उतरायचे, आणि त्या काठी आपटत झाडाभोवती फिरायच्या. “उडा रं बाबांनो. मरशाल. आमची पोरं शानी झाल्यात, तुमी तरी उडा.”

एकदा सुनील माझ्या ओट्यावर येऊन बसला. “गुरुजी, म्या बोललो ते चुकलं का? बाप बोलत न्हाई माझ्याशी.”

“तू चुकलास तो आदल्या दिवशी,” मी म्हणालो. “आणि मी तुझ्याबरोबर चुकलो.” वीज आली तसा तो उसाला पाणी द्यायला उठून गेला.

नवव्या दिवशी दुपारी तोच धावत आला. पायाला चिखल, हातात मोबाईल. “गुरुजी, तिचा फोन हुता.”

“काय म्हणाली?”

“म्हनली, आठ दिवस झाले. आता तोडता येत्याल. उद्या येतो आमी पेरू खायला.” तो दम घ्यायला थांबला. “आनि म्हनली, दुकानात कुनालाबी इचारा, डब्यावरचं वाचलं का, तर समदे म्हनत्यात, न्हाई वाचलं. वाचलं हुतं म्हननारे तुमीच पहिले.”

“मग तू काय म्हणालास?”

“बरं म्हनलो.”

दुसऱ्या दिवशी मला बोलवायला गोरक्ष स्वतः आला. झाडाखाली घोंगडी अंथरली होती. शेजारी पितळी घागर, तिच्यावर झाकण, झाकणावर तांब्या. पाणी विहिरीचं नव्हतं. प्यायच्या पाण्याच्या टाकीवरून छबूबाईंनी स्वतः भरून आणलं होतं. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, “बसा. आज तुमाला चोरून धुवाया नको.”

मोनिका आली, तिची आई आली, भिमाजी आले. आईच्या हातात बाटली होतीच. घागर दिसल्यावर तिनं ती गाडीत परत ठेवली.

छबूबाईंनी पेरू तोडला. तांब्यातलं पाणी ओतत दोन्ही हातांनी चोळला. देठाकडचा खळगा नखानं साफ केला. एखाद्या लेकराला न्हाऊ घालावं तसा उलटासुलटा करून पुन्हा धुतला. आम्ही सगळे बघत होतो. मग तो ओलाचिंब पेरू त्यांनी उन्हात धरला, मनासारखा झाला तशी मान हलवली, आणि जन्माच्या सवयीनं पदराला पुसला.

त्याच पदरात सकाळी त्यांनी शेळ्यांचा पाला आणला होता. सुनीलनं ते पाहिलं. मोनिकाच्या आईनं पाहिलं आणि तिची नजर गाडीकडं गेली. मी मान खाली घातली.

मोनिकानंही पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी पेरू घेतला, उभी राहिली आणि दातानं तोडला.

“गोड आहे, आजी.”

“असनारच. घरचं हाय.”

मग छबूबाईंनी माझ्यासाठी एक तोडला. तो दोनदा धुतला, पदराला पुसला आणि माझ्यासमोर धरला. “घ्या गुरुजी. का घरी जाऊन पुन्यांदा धुनार?”

मी उठलो, आणि तो तिथंच, उभ्या उभ्या खाल्ला.