काकांच्या फोनवरचा 'सीरियस'

मी 'सीरियस' बोलतोय. जन्माने परका, पण तुमच्या घरात इतका रुळलो की आता मला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. 'गंभीर' हा तुमचा घरचा शब्द आहे की! पण तो बातम्यांत मिरवतो आणि राबायला मी.

आया म्हणतात, "अभ्यासाबाबत जरा सीरियस हो." मुली विचारतात, "लग्नाचं तू सीरियसली बोलतोयस ना?" तिथवर मी मजेत होतो.

दवाखान्यात गेलो आणि माझं हसूच गेलं. माणूस हातचा जाऊ लागला की तिथे मला बोलावतात. पुष्कळदा तो गेलेलाच असतो, तरी लांब राहणाऱ्या नातेवाइकांकडे मलाच पाठवतात. बिचाऱ्यांचा प्रवास तरी धड व्हावा म्हणून.

तिथली एक नर्स मला फार जपून वापरायची. "पेशंट सीरियस आहे, घरच्यांना बोलवून घ्या," असं हळूच सांगायची.

तिचे वडील शिंपी. दूरच्या शहरात आपल्या धाकट्या भावाकडे, म्हणजे तिच्या काकांकडे राहायचे. हात थरथरू लागल्यापासून नखं मात्र लेकीकडूनच कापून घ्यायचे. "नखं वाढलीत गं, कधी येतेस?" असं त्यांनी परवाच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "सुट्टी मिळाली की येते, बाबा."

दुपारी काकांचा फोन आला. "दादा सीरियस आहे. लगेच निघ."

"बोलतायत का?"

"तू ये आधी."

हेच उत्तर तिने कितीतरी जणांना दिलं होतं. म्हणूनच तिने पुढे काही विचारलं नाही. नेलकटर पर्समध्ये टाकला आणि बस पकडली.

वाटभर ती मला उराशी धरून बसली. सीरियस आहेत, म्हणजे अजून आहेत. मला खरं ठाऊक होतं, पण ते सांगायला मला तोंड नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

दारात चपलांचा ढीग होता. काका हुंदके देत म्हणाले, "पोरी, फोन केला तेव्हाच तो..."

"कळलं होतं, काका."

ती वडिलांजवळ बसली. त्यांचा गार हात मांडीवर घेतला. "आले बघा, बाबा," म्हणाली आणि एकेक नख कापू लागली.

गेलेल्या माणसाच्या जागी मला उभं करू नका, असं मी विनवणार होतो. पण त्या बसमध्ये तिचे बाबा माझ्याच आधाराने जिवंत होते. तेव्हा पाठवा मला. फक्त माझ्याबरोबर एखादं माणूसही पाठवा. मी एकटा पुरत नाही हो.