कोकम सरबतालाही सात

मी पीएच मीटर बोलतोय. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यावर चटकन विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही.

मुलुंडच्या एका कॉलेजात, पर्यावरणशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. माझ्या तारेच्या टोकाला काचेची एक कांडी आहे. ती पाण्यात बुडवली की मी आकडा दाखवतो. सातच्या खाली आंबट, सातच्या वर साबणाच्या पाण्यासारखं. सात म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. नवा होतो तेव्हा माझा आकडा दशांशालाही चुकत नसे.

माणसांचा संशय मला तेव्हापासूनचा. आकडा मनासारखा आला नाही की ती मला टिचक्या मारतात, पुन्हा पुन्हा बुडवतात, शेवटी शेजाऱ्याच्या जर्नलमध्ये डोकावतात. मनासारखा आला की मात्र कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

एकटा कृणाल मला आपला वाटायचा. भांडुपचा, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मला मऊ कागदाने पुसायचा, "चल रे म्हाताऱ्या" म्हणायचा आणि काम संपलं की माझी कांडी स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचा. इतकी बडदास्त कुणी ठेवली नव्हती. त्याच्या प्रकल्पासाठी कांजूरमार्गच्या एका नाल्यातले चाळीस नमुने मीच मोजले. सगळे सातच्या आसपास. तो खूश, मीही खूश.

माझा संशय होता तो भाविकावर. त्याच्याच वर्गातली, गोराईच्या कोळ्यांची पोर. मासा घेताना कल्ला उघडून बघावा तशी ती मला बघायची. एकदा तिने सगळ्यांना विचारलं, याला चारच्या द्रावणात, जिथे आकडा चारच यायला हवा, शेवटचं कधी तपासलं? कुणालाच आठवेना. चारची बाटली कधीच संपली होती. सातच्या द्रावणात बुडवलं की मी सात दाखवायचो आणि पास व्हायचो. कपाटात नवा मीटर बंद खोक्यात पडला होता. हिला मला भंगारात काढून तो उघडायचाय, अशी माझी खात्रीच झाली.

या मुलांना पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घ्यायची होती. म्हणून विभागप्रमुख वसुधा मॅडम त्यांचं टीएचं, म्हणजे शिकवायला मदत करणाऱ्यांचं, ट्रेनिंग घेत होत्या. रीत अशी की एकाने फळ्यापाशी उभं राहून शिकवायचं, बाकीच्यांनी पहिल्या वर्षाची पोरं बनून येतील तेवढे वेडे प्रश्न विचारायचे. मॅडम मागच्या बाकावर बसून गुण द्यायच्या.

त्या दिवशी पाळी भाविकाची होती. कृणालने हात वर केला आणि बाटली पुढे धरली. "मॅडम, माझ्या आईने केलेलं कोकम सरबत मोजा ना."

सगळे हसले. तीही हसली, तिने सरबत चंचुपात्रात ओतलं आणि मला बुडवलं.

मी दाखवलं, सात.

पोरं आणखीच हसली. कृणाल तेवढा वाकून माझा आकडा पुन्हा बघू लागला. आईच्या सरबताने दात आंबतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? प्रकल्प द्यायला दहा दिवस उरले होते आणि त्यातले चाळीसही आकडे माझे होते.

भाविकाच्या हातात खडू तसाच राहिला. सरबत पातळ झालंय, असं म्हणून तिला सुटता आलं असतं. खरं सांगतो, तिने तसंच म्हणावं अशी मी मनोमन विनवणी करत होतो. त्याची मला आज लाज वाटते.

"कृणाल, मीटर खोटं दाखवतोय, लिहू का रे फळ्यावर?" तिने विचारलं.

तो म्हणाला, "लिही."

वसुधा मॅडम उठून आल्या. माझी कांडी कशात ठेवता, असं त्यांनी विचारलं. डिस्टिल्ड पाण्यात, मीच ठेवतो, कृणाल म्हणाला. शुद्ध म्हणून. मॅडम रागावल्या नाहीत. शुद्ध पाणी कांडीच्या आतले क्षार हळूहळू ओढून घेतं, मग ती कशालाही सातच म्हणते, एवढंच त्यांनी समजावलं.

जगावर संशय घेतला मी. ज्याने माया केली, त्याच्यावर घ्यायचा राहिला. आणि स्वतःवर तर कधीच घेतला नाही.

कृणालचं एक सत्र बुडालं. नवा मीटर घेऊन तो पुन्हा त्या नाल्यावर गेला, चाळीसही जागी. सोबत भाविका होती. नव्या आकड्यांत सात एकदाही आला नाही, असं कानावर आलं.

आता माझ्यावर कृणालच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. 'खोटं बोलतो. फक्त शिकवण्यासाठी.' दर वर्षी पहिल्या तासाला मला कोकम सरबतात बुडवतात. यंदाचा तास कृणालनेच घेतला; तो आता इथेच शिकवतो. नंतर त्याने मला तसंच हळुवार पुसलं. सवयीने त्याचा हात डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीकडे गेला आणि थांबला. आता मला काय व्हायचं राहिलंय? तरी तो थांबला, हे मला फार बरं वाटलं.

बाबांनो, नेहमी मनासारखं बोलणाऱ्याला अधूनमधून आंबट चाखवून बघत जा. मीटर असो नाहीतर माणूस.

तास संपताना कृणालने विचारलं, कुणाला काही शंका? पहिल्या वर्षाच्या सगळ्या पोरांनी एकदम माना हलवल्या. सगळं कळलं म्हणे.

मला संशय आहे.