सुरी थांबली की

"कुणाला भेटायचंय?" काउंटरवरच्या मुलीने विचारले.

"खळ्याला."

"कोणाला?"

"खळ्याला. तुमच्या पाटीवर ज्याचं नाव आहे, तो."

मुलीने वळून भिंतीवरच्या पितळी अक्षरांकडे पाहिले, मग नानांच्या जुन्या कोटाकडे, मग त्यांच्या चपलांकडे. "सर मीटिंगमध्ये आहेत. बसा ना काका."

नाना बसले. सोफा इतका मऊ होता की गुडघे छातीला लागले. आलेल्या माणसाला बसवतानाच लहान करायचे, ही खळ्याची युक्ती असणार. आज त्यांना इथले सगळेच युक्तीचे वाटत होते.

खळ्या हे नाव नानांनीच ठेवलेले. पक्षाच्या कार्यालयात तो भिंतींवर पोस्टरे चिकटवायला आला, तेव्हा कायम कोपरापर्यंत खळीने माखलेला असे. नाना तेव्हा साहेबांची भाषणे लिहीत. वर्तमानपत्रात मुद्रिते तपासता तपासता साहेबांच्या नजरेत भरले आणि तिथे आले, ते तिथेच राहिले. खळ्याला त्यांनी हाताशी धरले. वाक्य एका श्वासात मावले पाहिजे. मैदानात सगळ्यात मागे, खांद्यावर पोर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते कळले पाहिजे. टाळी मागायची नाही, तिला यायला जागा ठेवायची. सगळे शिकवले. घरी नेऊन जेवू घातले.

आणि खळ्या गेला. आधी दारोदार फिरून लोकांची मते विचारणाऱ्या कंपनीत, मग फोनवर प्रचार पाठवणाऱ्यांकडे, मग थेट विरोधकांकडे, शेवटी स्वतःच्या कंपनीत. आता जो बोलावील त्याची निवडणूक तो लढवून देई, आणि बहुतेक वेळा जिंकूनही देई. नाना एकाच साहेबांना धरून राहिले. साहेब पडले, मग वारले. साहेबांचे चिरंजीव म्हणाले, "काका, आता भाषण कोण ऐकतं? तीस सेकंदांत बसेल असं काही असेल तर सांगा." नानांचे काहीच तीस सेकंदांत बसत नसे.

तेव्हापासून त्यांचे पोट दुखू लागले. खळ्या टीव्हीवर दिसला की नाना चॅनल बदलत, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच लावत. बायको म्हणे, "जळताच आहात तर वर भांडं ठेवते, गॅस तरी वाचेल."

ती जाऊन आता चार महिने होत आले होते. परवा खळ्याचा फोन आला, एकदा ऑफिसात या, काम आहे म्हणून. आपण काम मागायला जात नाही आहोत, असे स्वतःला बजावत नाना आले होते. पद, नाव, माणसे, सगळे खळ्याकडे गेले होते. फक्त एक गोष्ट त्याच्याकडे नव्हती. कधी येणारही नव्हती. तिच्या जोरावर ते ताठ बसायचा प्रयत्न करत होते, पण सोफा बसू देत नव्हता.

"नाना! अहो, यांना बाहेर कशाला बसवलंत?" खळ्या लगबगीने आला. त्याने हात देऊन नानांना सोफ्यातून ओढून काढले, तेही त्यांना आवडले नाही. पायात पांढरे बूट, पोट आत, केस काळे. रंगवलेले असणार. आणि रंगवलेले नसतील तर आणखीच वाईट.

"या, एक गंमत दाखवतो."

त्याने नानांना एका काळोख्या खोलीत नेले. तिथल्या काचेतून पलीकडची खोली दिसत होती. तिथे डझनभर साधी माणसे खुर्च्यांवर बसून एका उमेदवार बाईंचे भाषण ऐकत होती. प्रत्येकाच्या हातात रेडिओला असते तसे एक फिरवायचे बटण.

"आवडलं की उजवीकडे फिरवायचं, कंटाळा आला की डावीकडे. इकडे पडद्यावर रेघ वरखाली होते. कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं काढायचं, यंत्रच सांगतं." खळ्या बोलत होता, पण न खपणारा माल दाखवणाऱ्या दुकानदारासारखा.

नानांना आल्यापासून पहिल्यांदा बरे वाटले. एवढा खटाटोप करून हा जे शोधत होता, ते त्यांच्या घरी ओट्यापाशी उभे असे. भाषण लिहून झाले की नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचत. ती पाठमोरी भाजी चिरत असे. मत विचारून उपयोग नव्हता. साहेबांच्या भाषणालाही ती "छान आहे" म्हणे आणि वाण्याच्या यादीलाही. पण वाचता वाचता एखाद्या वाक्यापाशी तिची सुरी थांबे. क्षणभरच. तिच्या ते लक्षातही येत नसावे. ते वाक्य ठेवायचे, बाकीचे गेले तरी चालते. मैदानात टाळी नेमकी तिथे पडे. नानांनी हे कुणालाच सांगितले नव्हते. साहेबांना नाही, आणि तिला तर मुळीच नाही. सांगितले असते तर ती सुरी सांभाळत बसली असती.

खळ्याची केबिन चारही बाजूंनी काचेची होती. बाहेर पंचवीस-तीस पोरेपोरी पडद्यांत डोळे घालून बसलेली. खळ्याने दार लावले, कॉफी पुढे केली.

"सरळच बोलतो नाना. भाषणांचं काम तुम्ही घ्या. पोरं हुशार आहेत, पण श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही त्यांना."

"मला कशाला बोलावतोस?" नाना म्हणाले. "तुझ्याकडे यंत्र आहे की."

"ते आत्ता घेतलं हो. वहिनी गेल्यावर."

नानांनी कप खाली ठेवला. "तिचा काय संबंध?"

खळ्याने त्यांच्याकडे पाहिले, आणि यांना खरोखरच माहीत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने खुर्ची जवळ ओढली.

"जेवायला यायचो ना तुमच्याकडे, तेव्हाच बघितलं होतं. तुम्ही वाचायचात, आणि वाक्य संपलं की कागदाकडे नाही, त्यांच्या हाताकडे बघायचात."

"पुढे?"

"मी गेल्यावर पहिलं मोठं भाषण लिहिलं, तेव्हा फोन केला. दुपारी, तुम्ही कार्यालयात असताना. म्हटलं, वहिनी, ऐकता का जरा? त्या म्हणाल्या, 'वाच, पण मला भाजी चिरायची आहे.' मी म्हटलं, चिरा की. फोन ओट्यावर ठेवायच्या त्या. मी वाचायचो आणि सुरीचा आवाज ऐकायचो."

"किती दिवस?"

"दिवस कसले? शेवटपर्यंत. दवाखान्यात गेल्या तोवर."

नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोचे दुसऱ्या कुणाशी काही असल्याचे कळावे, तसे झाले. तसले काही असते तर निदान भांडता आले असते. भाजीवरून कसे भांडायचे?

"मला का नाही बोलली?"

"त्याच म्हणाल्या, 'यांना सांगू नकोस रे. आधीच पोट दुखतंय, आता फुटेल.'"

हे वाक्य अगदी तिचेच होते. नानांना हसू आले, आणि ते आल्याचा रागही आला.

"साहेब पडले त्या वर्षी," ते सावकाश म्हणाले, "तुझ्या उमेदवाराचं भाषण. तेही तिनं ऐकलं होतं?"

"हो."

"सकाळी माझं आणि दुपारी तुझं."

"हो." खळ्या खाली बघत होता. "तुम्ही काय लिहिताय, तेवढं मी एकदा विचारलं होतं. फक्त एकदा. त्यांनी फोन ठेवला, आणि महिनाभर उचलला नाही. मग मी दारात येऊन माफी मागितली, तुम्ही दौऱ्यावर होतात तेव्हा. म्हणाल्या, 'त्यांचं त्यांच्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. मी काय पोस्टमन आहे?'"

नानांना एकच प्रश्न विचारायचा होता. तो तोंडात आला तेव्हा लहान पोराच्या प्रश्नासारखा वाटला, तरी त्यांनी विचारला.

"तुझ्या वेळी थांबायची?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"म्हणजे कधीतरीच हो, नाना. पानंच्या पानं वाचायचो आणि खटखट चालूच. एखादं वाक्य लागायचं." त्याचा आवाज बदलला. "आता कुठलंच लागत नाही. त्या बारा जणांची रेघ वर जाते, मला पटत नाही. गेल्या आठवड्यात तर मी भाषण हातात घेऊन फोन लावला. तुमच्या घरचाच. वाजून वाजून बंद पडला."

त्या दिवशी नानांनी तो वाजताना ऐकला होता. कुणी भेटायला येतो म्हणेल, म्हणून उचलला नव्हता.

खळ्याने तोंडावर हात धरला. आधी खांदे हलले, मग त्याला रडू आवरेना. मोठ्या माणसाला शोभणार नाही असे, नाकातोंडातून, हुंदके देत तो रडू लागला.

नाना बघत राहिले. ती गेली त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस निघाले नव्हते. आलेल्यांना त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिले, कधी काय झाले ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितले. धीराचे आहेत, म्हणाले लोक. आणि हा खळ्या, तिचा ना सखा ना सोयरा, इथे बसून इतके सहज रडत होता. हेही याला आधी जमले. नानांना त्या रडण्याचा असा हेवा वाटला, की तेवढा त्याच्या पाटीचा, केसांचा, कशाचाच कधी वाटला नव्हता.

बाहेरच्या एका मुलीची मान वर झाली. तिने शेजारच्याला कोपराने ढोसले. मग तिसरा वळला. काचेला पडदे नव्हते.

नाना उठले. खळ्याच्या आणि काचेच्या मधे जाऊन, बाहेरच्यांकडे पाठ करून उभे राहिले. कुणीतरी दारावर टकटक केली. नानांनी न वळता, हात मागे नेऊन तळवा दाखवला. टकटक थांबली. पुरेसे झाकले जात नव्हते, म्हणून त्यांनी कोटाची बटणे सोडली, दोन्ही हात कमरेवर ठेवून कोट बाजूंना फाकवला, आणि त्याचे आवरेपर्यंत तसेच उभे राहिले.