कोटवाला आणि बाई

कवळीचा सुळा मेणात जरासा आत कललेला... चिमट्यानं धरून तिनं तो सूतभर बाहेर ओढला, गरम सुरीचं टोक मुळाशी टेकवलं, मेण पाघळलं, थिजलं, आणि कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं हसू थोडं रुंद झालं. कवळी उद्या दवाखान्यात जायची होती. शेजारी लॅपटॉपच्या पडद्यावर बाई थांबवून ठेवलेली : एक पाय खिडकीत, एक हवेत, तोंड घट्ट मिटलेलं. हिचे दात चांगले असणार, पण दाखवत नाही. बरोबरच आहे. दात दाखवत फिरायचे नसतात, वेळ आली की रुतवायचे असतात.

आज वेळ आली होती. संध्याकाळी पंपघराच्या कामगारांच्या हॉलमध्ये बाबांचा फोटो लागणार होता — बाबा आयुष्यभर तिथं पंपचालक — आणि दादा बोलणार होता. दादा बोलणार म्हणजे काय बोलणार, हे तिला शब्दन् शब्द पाठ होतं, कारण बाबा गेल्यापासून येईल त्या माणसाला तो तेच सांगत होता : शेवटच्या दिवसांत आम्ही त्यांना काही कमी पडू दिलं नाही. आम्ही! लकव्यानं पडलेलं ते धूड कुशीवर वळवायला हा 'आम्ही' कधी आला होता? चादरी धुवायला आला होता? संध्याकाळी ती उठणार होती, चारचौघांत, आणि बोलणार होती. त्याचे दात त्याच्याच घशात घालणार होती.

हे बळ तिला पडद्यावरच्या बाईनं दिलं होतं. ब्रिटिश हेरांची ही जुनी काळी-पांढरी मालिका : एक ओव्हरकोटातला हेर, तो कोटवाला, आणि त्याच्या जोडीला ही बाई. दादाच्या मुलीनं, आत्याला एकटं वाटायला नको म्हणून, सगळे भाग लॅपटॉपवर घालून दिले. आत्या, तुमच्या लहानपणचं आहे, मजा येईल. मजा! पोरीला काय ठाऊक, आपण आत्याच्या हातात काय ठेवतोय.

कारण लहानपणी ही मालिका लागायची नेमकी भांडी घासायच्या वेळी. टीव्ही बाहेरच्या खोलीत, बाबा खुर्चीत, दादा त्यांच्या पायाशी, आणि मी आत, कोपरापर्यंत फेसात — मधलं दार सताड उघडं, पण दारापेक्षा आईचे डोळे भक्कम. मग अंथरुणात पडल्यावर दादा गोष्ट सांगायचा. कोटवाल्यानं दार फोडलं. कोटवाल्यानं फिल्म शोधली. कोटवाल्यानं गुंडाला जिन्यावरून खाली दिला ढकलून. आणि बाई? मी विचारायचे. बाई काय, बाईला बांधून ठेवलं होतं. आणि मागच्या वेळी? मागच्या वेळीपण बांधलंच होतं, झोप आता. मी झोपायचे, आणि झोपेत माझीच मनगटं दुखायची.

आणि आता, एवढं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवण्यात घालवल्यावर, एका दुपारी तिनं तो लाँड्रीचा भाग लावला. बांधलेला होता कोटवाला. ओल्या चादरींच्या गाड्यात, तोंडात बोळा कोंबून, ओव्हरकोटासकट. बाईनं त्याला सोडवलं, कॉलरमध्ये शिवलेली फिल्म बाईनं उसवली, बाहेर व्हॅनकडे पळू बघणाऱ्याला बाईनं इस्त्रीच्या टेबलाखाली घातलं, आणि वर शांतपणे हातमोजे चढवले. ती बघतच राहिली. सुरी गार झाली, मेण आखडलं. मग दुसरा भाग, मग तिसरा... प्रत्येक वेळी तेच. जे जे बाईनं केलं, ते ते दादानं उचलून कोटवाल्याच्या खिशात घातलं होतं. चोर! त्या वयात, अंथरुणात, अंधारात, एवढीशी बहीण डोळे मिटून ऐकतेय तिच्याकडूनही चोरतो. इंग्रजी त्यालाही कळत नव्हतं, हे खरं. पण चित्रं? चित्रांना कुठली भाषा लागते?

फोन वाजला. दादाच. आवाजात तो खास मऊपणा, सभेआधी तेल लावून आणलेला. निघतेयस ना वेळेवर, गाडी पाठवू का, वहिनी म्हणतेय वन्संना पुढच्या रांगेत बसवा. आणि शेवटी,

"आणि बोलायचं वगैरे दडपण घेऊ नकोस तू. मी आहे ना, बघतो सगळं."

"तू बघतोस ते मला ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "बघून मग काय सांगतोस, तेही कळलंय."

"म्हणजे?"

"संध्याकाळी कळेल."

तो हसला. लहानपणापासून, काही कळलं नाही की तो हसतो, आणि लोक त्याला समजूतदार म्हणतात.

फोन ठेवून तिनं सुरी पुसली, कवळी डब्यात ठेवली. जायला अजून अवकाश होता. जाण्याआधी एक भाग, शिदोरी म्हणून. तिनं मुद्दाम दीपगृहाचा निवडला. हा एकच भाग तिनं तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दादाला गालगुंड झालं होतं, तो आत तोंड सुजवून पडलेला, आई त्याच्या उशाशी, आणि बाबांनी मान न वळवता म्हटलं होतं, ये, बस. त्यांच्या पायाशी ती जागा तिला त्या एका दिवशी मिळाली. नंतर गोष्ट तिनं दादाला सांगितली होती, शेखी मिरवत : कोटवाला दोर धरून वरून उतरतो, खाली खडकावर बाई, पाय मोडलेला, लाटा येतायत, तो तिला पाठीवर घेतो. सगळं लख्ख आठवत होतं. ओला कोट, दोर, बाईचं पांढरं पडलेलं तोंड.

पडद्यावर दीपगृह आलं. समुद्र आला. दोर खाली पडला, आणि दोरावरून उतरत होती बाई.

तिनं थांबवलं. मागे नेलं. पुन्हा पाहिलं. उतरत होती बाईच. खडकावर पाय मोडून बसला होता कोटवाला, आणि पांढरं पडलेलं तोंड त्याचं होतं.

पण तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं... दादा आत होता, बाबा तर बोलतच नसत. डोळे माझे होते. वीतभर अंतरावर बसले होते मी, आणि बाई दोरावरून खाली येत असताना माझ्या या डोळ्यांनी तिला उचलून खडकावर नेऊन बसवलं होतं, पाय मोडून. मग दादानं जे केलं ते काय होतं? चोरी होती, की त्यालाही तसंच दिसलं होतं? हरामखोर डोळे. त्याचे आणि माझे, एकाच घरात वाढलेले.

तिनं लॅपटॉप आपटून बंद केला. नको हे आता. उठून तोंड धुतलं, केस बांधले, आणि आरशासमोर उभी राहून, रोज म्हणायची तशी, भाषणाची उजळणी सुरू केली. त्यांना भरवलं मी. त्यांची दाढी केली मी. त्यांची नखं कापली...

इथं जीभ अडली. नखं. बाबांच्या पायाची ती पिवळी, शिंगासारखी नखं, आधी कोमट पाण्यात भिजत ठेवावी लागायची. घमेलं दिसत होतं, टॉवेल दिसत होता, मांडीवर घेतलेली टाच दिसत होती. आणि नेलकटर धरलेलं मनगट — त्यावर दादाच्या घड्याळाचा रुंद पट्टा, पट्ट्याखालून निघालेले दाट काळे केस. ते मनगट तिनं हटवून पाहिलं. आपलं मनगट तिथं ठेवून पाहिलं. बसेना. बाबा गुदगुल्या होऊन हसत होते, बोळक्या तोंडानं. एकदाच घडलेलं? की दर रविवारी? आणि मी त्या खोलीत कुठं होते, तेवढंच दिसत नव्हतं.

नालायक, तिनं आरशाकडे बघून म्हटलं, पण ते कुणाला ते ठरेना. वहाणा घातल्या. किल्ली घेतली. सभेत उठायचं की नाही, हा प्रश्न सकाळी नव्हताच. आता तो दारात तिच्या आधी येऊन उभा होता. ती वर्षं माझी आहेत, ती मोठ्यानं म्हणाली, रिकाम्या खोलीत, एकेक शब्द दाबून... चादरी माझ्या, रात्री माझ्या... आणि ते तिला कुणीतरी अंथरुणात पडून गोष्ट सांगत असल्यासारखं ऐकू आलं.