झुकती पेरणारी तिफण

मी एक जुनी तिफण आहे, मित्रांनो. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. आता हेसुद्धा समजावून सांगावं लागतं, काय करणार! मालेगाव-रिसोड रस्त्यालगतच्या एका गावात, पुंजाजीच्या गोठ्यात, आढ्याला मला टांगलं आहे. माझं लाकूड बाभळीचं आणि दाते तीन. वर वाटीसारखं लाकडी चाडं आहे आणि त्यातून पोकळ बांबूचे तीन नळे खाली दात्यांपर्यंत जातात. मागून चालणारी बाई चाड्यात मुठीनं बी सोडते आणि ते घरंगळत जमिनीत पडतं. सोपं वाटतं ना? एकदा करून बघा म्हणजे कळेल. मूठ सैल सुटली की दाटी होते, आवळली की तासच्या तास, म्हणजे पेरणीची ओळच्या ओळ, रिकामं राहतं.

पुंजाजीची बायको कस्तुराबाई. तिच्यासारखी मूठ मी दुसरी पाहिली नाही, आणि उगाच कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही.

तिच्या घरी ज्वारीच तीन तऱ्हांची होती. तांबडी कमी पावसात तग धरायची. वाणी हुरड्यासाठी, गोड. आणि तिसरी झुकती. झुकतीचं कणीस मान वाकवून जमिनीकडे बघायचं. परतीचा पाऊस आला तरी पाणी कणसावरून निथळून जायचं आणि दाणा पांढरा राहायचा. या ज्वारीत मूग मिसळलेला असायचा, मध्येमध्ये तुरीचं तास आणि बांधाला अंबाडी. आमच्याकडच्या पावसाचा कधीच भरवसा नव्हता. त्यामुळे एक पीक बसलं तरी दुसरं उभं राहायचं आणि घरात भाकरी असायची. तुमच्या पुस्तकात याला जैवविविधता म्हणतात. आम्हाला तो शब्द ठाऊक नव्हता.

झुकतीचं बी कस्तुराबाईच्या आईचं. आईनं दोन्ही मुलींना सासरी पाठवताना त्यांच्या ओटीत तेच घातलं होतं. धाकटी रुख्मिणी कारंज्याकडच्या एका गावात दिली होती.

सत्तर साली गावात हायब्रीड ज्वारी आली. बियाणं विकायला आलेल्या माणसानं चावडीवर सभा घेतली. या ज्वारीचं बी दरसाल नवं घ्यावं लागतं, घरचं ठेवलं तर पीक बिघडतं, असं त्या माणसानं स्पष्ट सांगितलं. पण सभेला होते सगळे पुरुष. बियाणं निवडायचं आणि जपायचं काम बायांचं, आणि बायांना कुणी बोलावलंच नव्हतं! पुंजाजीला वाटलं, विकणारा असंच म्हणणार. त्यानं घरी ही गोष्ट काढलीच नाही.

त्या वर्षी पीक असं आलं की खळ्यात मावेना. कस्तुराबाईनं नेहमीच्या रीतीनं त्यातली भरदार कणसं बियाण्याला काढली, दाणे राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरले. जुन्या बियाण्याची तीन मडकी शेजारीच होती. ती पाहून पुंजाजी म्हणाला, "अवो, हे गावरान आता कायले ठेवलं? दयून टाक. पेराले तं नवंच हाय."

कस्तुराबाई आधी कांकू करत होती. पण नव्याची रास सगळ्यांनीच पाहिली होती. तिनं तिन्ही मडकी उपडी केली. तांबडी, वाणी, झुकती, सगळं एकत्र जात्यात गेलं. भाकरी गोड झाल्याचं घरात सगळे म्हणाले.

पुढच्या वर्षी घरचं हायब्रीड बी माझ्या चाड्यातून पेरलं गेलं. उगवलं ते पाहून मी हबकलेच. एक ताट कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं, निम्म्या कणसांत दाणाच नाही. कडबाही तोकडा निघाला. पुंजाजी बांधावर डोक्याला हात लावून बसला. कस्तुराबाईला सभेतली गोष्ट तेव्हा कळली, तीही शेजारणीकडून. तिच्या जागी मी असते तर नवऱ्याला चांगलं खडसावलं असतं.

आणि मग बाहत्तर साल. पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. उरलंसुरलं बी धुळीत पडलं आणि तिथंच करपलं. वैरण नाही म्हणून बैल कवडीमोलानं गेले. नवरा-बायको दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि रेशनची मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खायची.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कस्तुराबाईनं एकच ध्यास घेतला, झुकतीचं बी शोधायचं. गावात घरोघर विचारलं. रिसोडला जिनदास शेटच्या धान्याच्या दुकानात विचारलं. सगळीकडे तेच, कुणी नव्यापायी दळलेलं, कुणी भुकेपायी. शेवटी ती एसटीनं रुख्मिणीकडे गेली. जाताना ती हसत होती. आईचं बी बहिणीकडे असणारच, याची तिला खात्री होती.

परतली तेव्हा पुंजाजी माझे नळे साफ करत होता. कस्तुराबाई खाली बसली आणि म्हणाली, "रुखमीनं रिकामं मडकंच पुढं ठेवलं. म्हने, पोरं भुकी निजत होती, बाई. मी त्याइले खाऊ घातलं."

"मंग?"

"मंग काय? ती रडे अन् मी बी रडो. आईचं होतं ते. दोघी मिळून बी राखता नाही आलं."

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. मागून आणलेल्या बैलांनी मला ओढलं, आणि कस्तुराबाईनं विकतच्या पिशवीतलं, एकाच तऱ्हेचं हायब्रीड बी पेरलं. कणसं ताठ आणि गच्च भरली. कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस आला, पाणी कणसात मुरलं आणि दाणा काळा पडला. ती काळी, कडवट भाकरी त्या घरानं वर्षभर खाल्ली. मला फार वाईट वाटलं.

आता तर पावसाचं गणित आणखीच बिघडलं आहे. आषाढ कोरडा जातो आणि दिवाळीला धो धो पडतो. हवामानबदल म्हणतात ना, तो हाच. अशा वेळी तांबडी हवी होती, झुकती हवी होती. नवं घ्या, मित्रांनो, मी नव्याच्या वाईटावर नाही. पण जुनं संपवण्याआधी एवढं विचारा, की हे आणखी कुणाकडे शिल्लक आहे का?

आम्हीही विचारलं होतं, पण दळून झाल्यावर.